तू उठली की ठेवते

मी एक जुना डंबेल आहे, आणि जोडीतला एकटाच उरलेला आहे. मित्रांनो, आम्ही जन्मतो जोडीने आणि शोभतोही जोडीने. माझा जोडीदार कुठे हरवला ते मला ठाऊक नाही. माझ्या दोन्ही गोळ्यांवर पाचाचा आकडा ओतलेला आहे, म्हणजे मी पाच किलोचा. एका बाजूचा आकडा गंजाने खाऊन टाकला आहे. मी थकलेला आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. लोखंडाला कसला थकवा, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरचे शिवराम इंजिनियर आहेत. त्यांना विचारा. धातूसुद्धा थकतो, हे ते तुम्हाला समजावून सांगतील.

माझा जन्म चाळीसएक वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात, पर्थजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर पडलो. तिथून मला कालगुर्लीला आणलं. कालगुर्ली हे वाळवंटाच्या कडेला वसलेलं, सोन्याच्या खाणींचं गाव. तिथल्या एका बॉक्सिंग क्लबात मी उमेदीची वर्षं घालवली. संध्याकाळी खाणीवरून लाल धुळीने माखलेले गडी यायचे आणि मला उचलून शिव्या देत घाम गाळायचे. ते दिवस बरे होते. पुढे क्लब बंद पडला. सामान कुणी कुणी उचलून नेलं. मी ज्याच्या वाट्याला आलो, तो घर विकताना मला शेडमध्येच विसरून गेला. त्या शेडचं दार वाऱ्याने धाडधाड आपटायचं. कुणीतरी मला पायाने सरकवून दाराला लावलं. झालं, वर्षानुवर्षं माझं तेवढंच काम. माझ्या मुठीपाशी कोळ्यांनी घरं केली.

त्या घरात मग सुलोचना आणि शिवराम राहायला आले. दोघं मूळचे नागपूरचे. शिवराम खाणीतल्या मोठाल्या यंत्रांची देखभाल बघायचे. सुलोचना इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. ती चटपटीत बाई होती. बोलताना हात हलायचे, चालताना चपला वाजायच्या. पन्नाशी ओलांडताना तिची पाळी थांबली. हे सांगताना लाजू नये, मित्रांनो. प्रत्येक बाईच्या आयुष्यात ते येतं. पाळी थांबली की शरीरातलं एक संप्रेरक आटतं, आणि नेमकं तेच हाडांची राखण करत असतं. राखणदार गेला की हाडं आतून विरळ होऊ लागतात. पोटाभोवती चरबी धरते, रक्तातली साखर चढते. दुखत काहीच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सुलोचना दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजायची. स्वतःची मोजायला तिला सवड नव्हती.

२०२०च्या इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत, ती कचऱ्याची बिन रस्त्यावर ओढून नेत होती. फुटपाथच्या कडेला पाय अडखळला आणि ती तळहातावर पडली. घराच्या बाजूने रस्ता दिसायचा, त्यामुळे शेडच्या उघड्या दारातून मी पाहिलं. फार जोरात पडली नव्हती. लहान मूल तसं पडलं तर उठून पळालं असतं. तिचं मनगट मोडलं.

डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, किती उंचावरून पडलात? ती म्हणाली, उंचावरून कुठची, उभी होते. उभ्या माणसाने नुसतं अडखळून पडावं आणि हाड मोडावं, हे सत्तावन्नाव्या वर्षी व्हायला नको होतं. त्यांनी तिला पर्थला पाठवून हाडांच्या घनतेची तपासणी करवली. हाडं पुष्कळ विरळ झाली होती. साखर डायबिटीसच्या उंबरठ्यावर आली होती. गोळ्या मिळाल्या, आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला भेटा म्हणून चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी घेऊन ती घरी आली आणि थोड्याच दिवसांत महामारीने जग बंद केलं. पर्थला जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस उभे राहिले. एका भागातून दुसऱ्या भागात जायची बंदी झाली.

मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण तिच्या मनातली भीती निघेना. शिवराम मायाळू माणूस. ते तिला काही म्हणता काही उचलू देईनात.

"अगं ठेव, मी घेतो."

"दुधाची कॅनच आहे, अहो."

"तीन लिटरची आहे. परत हात मोडून घेशील. तू बस."

ती बसली. आधी दुधाची कॅन सुटली, मग कपड्यांची बादली, मग भाजीची पिशवी. शिफ्टवरून आली की सोफ्यावर टेकायची ती उठायचं नाव नाही. तिच्या चपलांचा आवाज बदलला. आता त्या घासत यायच्या. मायेपोटी चाललं होतं सगळं, त्यामुळे कुणाला दोष तरी काय द्यायचा?

अखेर पर्थची फिजिओ व्हिडिओवर भेटली. तिचं नाव मेधा, मूळची पुण्याची, वयाने चाळिशीतली.

"सुलोचनाताई, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा बरं," मेधा म्हणाली.

सुलोचना उठायला गेली आणि परत बसली. दुसऱ्यांदाही बसली. मग तिला रडू आलं. "हाडं ठिसूळ आहेत माझी. मी जपायला नको का?"

"जपायचंच आहे. पण हाडाला काम दिलं नाही ना, की ते आणखी झिजतं. स्नायू गेले की तोल जातो, आणि तोल गेला की माणूस पडतो. गोळ्या घ्याच, त्या सोडू नका. पण गोळी तुम्हाला खुर्चीतून उठवणार नाही."

सुरुवात खुर्चीपासून झाली. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, मग हातात मसूर डाळीचं पाकीट. काही आठवड्यांनी मेधा म्हणाली, आता खरं वजन हवं. दुकानांत वजनं उरलीच नव्हती. घरात कोंडलेल्या लोकांनी सगळी उचलून नेली होती. शिवराम फोनवर शोधून शोधून कंटाळले. "संपलंय सगळं. ऑनलाइनसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि खरं सांगू का, त्यांना जरा बरंच वाटलं असावं.

तेव्हा सुलोचनाला शेडचं दार आठवलं.

शिवरामांना ते पटलं नाही. "हे खाणकामगारांचं धूड आहे. तुझ्यासाठी नाही ते." पण एवढं म्हणून तेच मला उचलून घेऊन गेले. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, तारेच्या ब्रशने घासलं, तेलाचा हात फिरवला. माझ्यावर इतके कष्ट यापूर्वी कुणीच घेतले नव्हते.

तिने मला पहिल्यांदा धरलं तो हात मला अजून आठवतो. थंड होता आणि घाबरलेला होता. "कमरेतून वाका, पाठ वाकवू नका," मेधा पडद्यावरून सांगत होती. "मांड्यांनी उचला. हं, आता सरळ व्हा." मी जमिनीवरून सुटलो. तिच्या गुडघ्यांपर्यंत आलो, मांड्यांपर्यंत आलो, आणि ती सरळ उभी राहिली. शिवराम हात पुढे करून बाजूलाच उभे होते, मी पडलो तर झेलायला.

"अहो, तुम्ही जरा मागे व्हा," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात मी रोज उपयोगी पडलो. कंटाळवाणं काम होतं, मित्रांनो. तेच उचलणं, तेच ठेवणं. गाणं नाही, गंमत नाही. बॉक्सिंग क्लबातली मजा त्याला नव्हती. पण हळूहळू तिच्या पायाचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. साखर खाली आली. एकदा तिने गाडीतून तांदळाची पिशवी स्वतः घरात आणली आणि ओट्यावर अशी आपटली की शिवराम आतून धावत आले. "काय पडलं?" "काही नाही पडलं," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवशी तिने मला पुसून हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलं. माझ्या आयुष्यात तेवढंच काय ते कौतुक.

मग २०२१ उजाडलं. आमच्या भागात आजार जवळजवळ नव्हता. दुकानं उघडी, माणसं मोकळी. पण देशाच्या सीमा बंद होत्या आणि त्यामुळे लॅबमध्ये नवीन माणूस येईना. असलेल्यांनी दुप्पट काम ओढायचं. सुलोचना घरी यायची ती अंग टाकून द्यायची. "उद्या करते," ती माझ्याकडे बघून म्हणायची. काही दिवसांनी तिने माझ्याकडे बघणंही सोडलं. शेडचं दार पुन्हा आपटायला लागलं, आणि शिवरामांनी एका रविवारी मला परत तिथे नेऊन लावलं. मला सवय होती.

एप्रिलमध्ये नागपुरात दुसरी लाट आली. सुलोचनाची थोरली बहीण करुणा तिथे राहते, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिचे यजमान त्या लाटेत गेले. सुलोचनाने भाऊजींना अखेरचा जयभीम फोनच्या पडद्यावरून केला. देशाबाहेर जायला परवानगी लागायची, आणि गेलं तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. ती शेडच्या पायरीवर येऊन बसायची आणि फोन मांडीवर ठेवून नुसती बघत राहायची. मी तिच्या पायाशीच पडलेला असायचो.

करुणाने अंथरूण धरलं. आजार काही नव्हता. ती खोलीतून बाहेर येईना, धड जेवेना, चालेना. सून वैष्णवी सगळं हातात आणून द्यायची. असे दोन-अडीच महिने गेले. मग एके सकाळी बाथरूमकडे जाताना तिचा पाय लटपटला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन लगेच उभं करा, निजवून ठेवाल तर गमावून बसाल. करुणा उभी राहायला तयार नव्हती. घरी आणल्यावरही नाही. शेवटी वैष्णवीचा फोन आला. सुलोचना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मावशी, आई ऐकून नाही राहिली कोणाचं. खुर्चीत बसवतो, तर तशीच बसून राहते. डॉक्टर रागावले. तुम्ही बोला एकदा."

"दे तिला."

पडद्यावर करुणा दिसली. केस विस्कटलेले, चेहरा सुकलेला.

"जयभीम ताई. उठ नं जरा. वॉकर धर."

"मला नाही होत."

"होते. मी पण नव्हती उठू शकत. माझा हात मोडला होता तेव्हा..."

"तुला काय जाते वं सांगायला?" करुणाचा आवाज एकदम चढला. "तिथं बसून सांगून राहिली. तुझे भाऊजी गेले, तेव्हा आली का तू? आता आली मला उठवायला. माझं सारं झालं आता. ठेव फोन."

सुलोचनाने फोन ठेवला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, ती गेली नव्हती आणि तिला जाता येत नव्हतं. तिने फोन कपड्यांच्या टोपलीला टेकवला, दोन पावलं चालून शेडपाशी आली आणि वाकून मला उचललं. माझ्यावर धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं. तिने ते गाऊनलाच पुसलं. मागे दार धाडकन आपटलं. तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि फोनसमोर जाऊन उभी राहिली.

"हे काय करून राहिली?" करुणाने विचारलं.

"वजन धरून राहिली. पाच किलो. तू उठली की ठेवते."

"येडी झाली का?"

"हो."

मित्रांनो, पाच महिने तिने मला हात लावला नव्हता. आदल्या हिवाळ्यातली ताकद तिच्यात राहिली नव्हती, आणि मी वजनाला तेवढाच होतो. थोड्याच वेळात तिचे दंड भरून आले. मग हात थरथरायला लागले. ती थरथर माझ्या लोखंडात उतरत होती. खाणकामगारांनी मला उचललं ते स्वतःच्या मस्तीत. असं कुणी मला कधी धरलं नव्हतं. शिवराम आवाज ऐकून दारात आले आणि पुढे व्हायला निघाले. तिने नुसती मान हलवली. ते जागच्या जागी थांबले.

"अवं, हात थरथरून राहिले तुझे," करुणा म्हणाली. "तुझंच हाड मोडलं होतं नं? ठेव खाली."

"तू उठ, मग ठेवते."

"सुले, ठेव म्हणते नं मी!"

"उठ, ताई."

सुलोचनाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तिकडे करुणाने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "लहानपणापासून अशीच हट्टी आहे ही बाई," ती पुटपुटली. "आण वं वैष्णवी, तो वॉकर." तिने वॉकरची दांडी धरली. पहिल्यांदा तिला जमलं नाही. दुसऱ्यांदा कण्हत, वैष्णवीच्या आधाराने, रागाने, ती उभी राहिली. साडी घोट्याच्या वर चढली होती. पण ती उभी होती.

"झालं समाधान? ठेव आता."

सुलोचनाने मला गवतावर ठेवलं आणि स्वतःही तिथेच बसली. दोघी मग रडल्या. फोन टोपलीवरून घसरून आडवा पडला, त्यामुळे कोण जास्त रडलं ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर सुलोचना शिफ्टवरून आली की तिकडे दुपार असायची, आणि फोन लागायचा. इकडे ती मला उचलायची, तिकडे करुणा वॉकर धरून उभी राहायची. वैष्णवीने तिथल्या फिजिओकडून व्यायाम शिकून घेतले होते. मेधाने सुलोचनाला पुन्हा खुर्चीपासून सुरू करायला लावलं. रोज उत्साह असायचा असं समजू नका. कित्येकदा एक म्हणायची, "आज राहू दे," आणि दुसरी म्हणायची, "मलाही नको वाटून राहिलं," आणि मग दोघी उसासे टाकत करायच्या. भाऊजींची आठवण निघायची. कधी भांडणही व्हायचं. करुणा वॉकरवरून काठीवर आली, पण तिची जुनी चाल काही परत आली नाही. एक पाय ओढतच राहिला. सगळं पहिल्यासारखं होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

२०२२च्या सुरुवातीला सुलोचनाची हाडांची तपासणी पुन्हा झाली. निकाल समजून घ्यायला तिने मेधाला फोन लावला. मी आता पुन्हा टीव्हीखाली होतो.

"जवळजवळ तेवढंच आहे," मेधा म्हणाली.

"म्हणजे इतकं करून काहीच वाढलं नाही?"

"सुलोचनाताई, या वयात ते दर वर्षी खाली जातं. तुमचं गेलं नाही. आणि दोन वर्षांत तुम्ही पडला नाहीत. मला विचाराल तर हीच बातमी."

सुलोचनाने मला टीव्हीखालून बाहेर ओढलं. मग म्हणाली, "बरं. उद्यापासून वजन वाढवायचं का?"

सीमा उघडल्यावर ती नागपूरला गेली. मला नेण्याचा विचार नव्हताच, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. पोचल्यावर तिने शिवरामांना फोन केला. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की सगळं मला ऐकू आलं.

"अहो, ताई एअरपोर्टवर आली होती! काठी घेऊन. वैष्णवी म्हणते, खुर्ची देत होते तर बसली नाही, माझं विमान येईपर्यंत उभी होती. आणि माहितेय, माझी बॅग उचलायला निघाली!"

"मग?" शिवरामांनी विचारलं.

"मग काय, छोटी बॅग दिली मी तिला."

शिवरामांनी फोन ठेवला. मग येऊन त्यांनी मला उचललं, एकदा, दोनदा. त्यांचाही श्वास लागला.

मित्रांनो, मला गंज चढला तर दिसतो. ब्रश घेऊन कुणीही तो काढू शकतं. तुमच्या आईची, मावशीची, आजीची हाडं झिजताना दिसत नाहीत, आणि ती स्वतः सांगणार नाही, कारण तिलाही ते ठाऊक नसतं. ती खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर हात टेकते का, ते बघा. टेकत असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. तिच्यासोबत उठा-बसा करा, तुम्हाला कंटाळा आला तरी करा. आणि ती बाजारातून आली की तिच्या हातातल्या सगळ्या पिशव्या काढून घेऊ नका. जड असेल ती तुम्ही घ्या. एखादी तिच्याकडे राहू द्या.